शस्त्रवैद्य होतां आलें नाहीं तर



मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपलीकडे माझें शिक्षण गेलेलें नाहीं, आणि सारें आयुष्य शाळेंत मुलें शिकविण्यांत गेलें. परंतु त्या मुलांपैकीं कांहीं जण डॉक्टर झाले, आणि भेटावयास आले म्हणजे त्यांच्यापैकीं एखाद्याच्या तोंडून एकच प्रश्न मला पुनःपुन्हां ऐकावा लागतो: "सर, सर्जरी मिळाली नाहीं, आतां काय करूं?" ह्या प्रश्नाचा आज आपण शांतपणें विचार करूं.

प्रथम जागा कशी मिळते तें पाहूं. साडेचार वर्षांचा अभ्यास व एक वर्षाची इंटर्नशिप संपविल्यावर एम.बी.बी.एस. झालेला तरुण नीट-पी.जी. ही परीक्षा देतो. साडेतीन तास, २०० प्रश्न, बरोबर उत्तरास ४ गुण, चुकीच्या उत्तरास १ गुण वजा. २०२४ व २०२५ ह्या दोन्ही सालीं दोन लाखांहून अधिक उमेदवार ह्या परीक्षेस बसले. जो क्रमांक लागेल त्यावरून शाखा आणि महाविद्यालय ठरतें. सरकारी महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय वांट्यांतून भरतात, उरलेल्या निम्म्या राज्याच्या वांट्यांतून.

आतां एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. त्या २०० प्रश्नांत हाताचें कौशल्य तपासणारा एकहि प्रश्न नसतो. टांका कसा घालतो, रक्त दिसल्यावर हात थरथरतो कीं स्थिर राहतो, हें तेथें कोणी पाहत नाहीं. तेव्हां जागा हुकली याचा अर्थ त्या दिवशीं क्रमांक मागें पडला, एवढाच. हात नालायक ठरला, असा त्याचा अर्थ नव्हे.

दुसरी गोष्ट काळाची. तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें आपण लहानपणापासून ऐकतों. पण परीक्षेच्या बाबतींत नेमके तेंच विसरतों. अमेरिकेंतील रीत ह्या ठिकाणीं पाहण्याजोगी आहे. तेथें १९५२ सालापासून विद्यार्थी व रुग्णालयें आपापल्या पसंतीच्या याद्या देतात, आणि त्यांवरून जोड लावली जाते. मार्च महिन्यांतील ठराविक आठवड्यांत, सोमवारीं, ज्याची जोड लागली नाहीं त्यास तसें कळविलें जातें, आणि उरलेल्या जागांचा निकाल त्याच आठवड्यांत लागतो. निराश मनानें आयुष्याचा निर्णय घेण्यास तीन-चार दिवस मिळतात! म्हणून तेथील शहाणा विद्यार्थी दुसऱ्या शाखेचा विचार आधींच करून ठेवतो. आपल्याकडेहि प्रवेशाच्या फेऱ्या भराभर होतात, आणि यादी एकदां पक्की केली कीं त्या फेरीपुरती ती बदलतां येत नाहीं. तेव्हां दुसरा मार्ग निकालापूर्वीं, मन स्वस्थ असतांनाच, ठरवावयास हवा.

तो ठरवावा कसा? "काय मिळेल?" हा प्रश्न मागाहून विचारावा. "मला सर्जरींत नेमकें काय आवडतें?" हा आधीं.

ज्यास हातानें काम करण्याची ओढ आहे त्यानें हें जाणावें कीं शस्त्र केवळ जनरल सर्जनच्याच हातीं असतें असें नाहीं. नेत्रवैद्य सूक्ष्मदर्शकाखालीं मोतीबिंदु काढतो. कान-नाक-घशाचा वैद्य कानाच्या हाडांत बारीक काम करतो. स्त्रीरोगतज्ज्ञ रात्रीं-अपरात्रीं पोट उघडून दोन जीव वांचवितो. शिवाय हाताचें काम आतां शस्त्राच्याहि पलीकडे गेलें आहे. १९६४ सालीं अमेरिकेंत पोर्टलंड येथें चार्ल्स डॉटर ह्या क्ष-किरणतज्ज्ञानें एका वृद्ध स्त्रीच्या पायाची अरुंद झालेली रोहिणी आंतून नळी घालून रुंद केली. तो पाय कापावा असा शस्त्रवैद्यांचा सल्ला होता. तो पाय वांचला. मात्र एक सावधगिरी हवी. क्ष-किरणशास्त्राच्या जागा आपल्याकडे बहुधा सर्जरीच्याहि आधीं भरतात. तेव्हां "हें नाहीं तर तें" असें म्हणण्यापूर्वीं मागील दोन-तीन वर्षांत कोणती शाखा कोणत्या क्रमांकापर्यंत मिळाली, तें पाहून घ्यावें.

ज्यास शस्त्रक्रियागृहाचें वातावरण प्रिय आहे, त्यानें भूलशास्त्राकडे आदरानें पाहावें. १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं बोस्टन येथें ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया झाली. त्यापूर्वीं सर्जनची थोरवी तो किती झटपट कापतो यावर मोजीत. भूल आली तेव्हां त्यास सावकाश व नीट काम करण्यास वेळ मिळाला. आजहि टेबलावरील रोग्याचा श्वास व रक्तदाब ज्याच्या हातीं असतो, तो भूलतज्ज्ञच होय.

ज्यास सर्जरीच हवी, त्यास आणखी दारें आहेत. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डी.एन.बी. ही पदवी तीन वर्षें रुग्णालयांत काम करून मिळते, आणि तिच्या जागा नीट-पी.जी.च्याच क्रमांकावर भरतात. दिल्लीची एम्स, चंदीगडची पी.जी.आय., पुद्दुचेरीची जिपमेर अशा संस्थांची प्रवेशपरीक्षा वेगळी असून ती वर्षांतून दोनदां होते. आणि ज्याचा क्रमांक फारच मागें आहे त्याच्यासाठीं २०२० सालापासून मंडळाचे दोन वर्षांचे डिप्लोमाहि आहेत. त्यांत भूलशास्त्र, नेत्ररोग, कान-नाक-घसा, प्रसूतिशास्त्र हे विषय येतात.

पुन्हां परीक्षा द्यावी कीं नाहीं? एकदां अवश्य द्यावी. पण घरीं कोंडून घेऊन नव्हे. माझा एक विद्यार्थी तीनदां परीक्षा देऊन अठ्ठाविसाव्या वर्षीं घरींच बसून होता. पुस्तकें पाठ होतीं, पण तीन वर्षांत एकाहि रोग्याची नाडी त्यानें पाहिली नव्हती. आपण डॉक्टर आहों ही गोष्टच तो विसरत चालला होता. याउलट त्याच्या वर्गांतील दुसऱ्यानें प्राथमिक आरोग्यकेंद्रांत वैद्यकीय अधिकारी म्हणून काम धरलें. दिवसां तो बाळंतपणें करी, जखमा शिवी, आणि रात्रीं अभ्यास करी. प्रशिक्षण घेतलेल्या एम.बी.बी.एस. डॉक्टरास कुटुंबनियोजनाच्या कांहीं शस्त्रक्रिया करण्याची मुभा असते, ती विद्या त्यानें शिकून घेतली. दुसऱ्या वेळींहि त्यास सर्जरी मिळाली नाहीं. त्यानें भूलशास्त्र घेतलें, कारण तसें त्यानें परीक्षेपूर्वींच ठरविलें होतें. आज तो तालुक्याच्या गांवीं आहे, आणि तो नसेल त्या दिवशीं तेथील सर्जनला हात बांधून बसावें लागतें.

म्हणून माझें सांगणें असें: किती वेळां प्रयत्न करावयाचा ती संख्या आधींच कागदावर लिहून ठेवावी. त्याखालीं दोन शाखा लिहाव्या, ज्या मनापासून स्वीकारतां येतील. मिळालेली जागा सोडल्यास ठेव जप्त होते काय, पुढील परीक्षेस बंदी येते काय, सेवेच्या करारापोटीं किती रक्कम भरावी लागते, हे नियम त्या वर्षाच्या पुस्तिकेंत स्वतः वाचावे. मित्राच्या सांगण्यावर विसंबूं नये.

शेवटीं दोन शब्द आईबापांसाठीं. शेजाऱ्यांना "आमचा मुलगा सर्जन होणार" असें सांगून ठेवलेलें असतें, आणि मग निकालाच्या दिवशीं मुलाला आपल्या दुःखाबरोबर तुमची लाजहि वाहावी लागते. तो जेवावयास बसतो, पण बोलत नाहीं. अशा वेळीं त्यास उपदेश करूं नका, दुसऱ्याच्या मुलाचें उदाहरणहि देऊं नका. तो डॉक्टर आहे, आणि ती पदवी कोणत्याहि क्रमांकानें परत घेतलेली नाहीं, एवढें त्यास आठवूं द्या. रोग्याच्या उशाशीं उभा राहणारा माणूस कोणत्या शाखेचा आहे हें रोगी विचारीत नाहीं. तो वेळेवर आला काय, आणि त्यास आपलें काम येतें काय, एवढेंच तो पाहतो.