सेवा करणाऱ्याचीही नाडी पाहा

आमच्या गावाबाहेर एक वृद्धाश्रम आहे. दर गुरुवारी सकाळी मी तेथे तपासणीसाठी जातो. तीस-पस्तीस वृद्ध, त्यांतले सहा-सात अंथरुणाला खिळलेले. इमारत साधी, पैसा बेताचा. तरीही पाठीला जखमा झालेला रुग्ण तेथे क्वचितच दिसतो. याचे रहस्य औषधांत नाही. ते स्वयंपाकघराबाहेर टांगलेल्या एका फळ्यावर आहे. कोणाला किती वाजता कुशीवर वळवायचे, पाणी कोण पाजणार, रात्री कोण जागणार आणि उद्या सुट्टी कोणाची, हे सारे त्यावर खडूने लिहिलेले असते.

आपल्या घरांत असा फळा नसतो. घरात बहुधा एकच बाई असते आणि फळ्यावरची सगळी कामे तिच्याच नावावर असतात. ही गोष्ट मला फार उशिरा उमगली, हे आज वाचकांसमोर कबूल करतो.

माझ्या दवाखान्यात एक बाई दर महिन्याला सासूबाईंची फाईल घेऊन येत. वय पन्नाशीच्या आत-बाहेर. सासूबाईंना पक्षाघात झालेला, उजवी बाजू लुळी. बाई सारे नीट सांगत: शौचाला कधी झाली, जेवण किती, गोळ्या किती उरल्या. दोन वर्षे मी ती फाईल पाहिली. फाईल धरणाऱ्या बाईंकडे मात्र पाहिले नाही. एके दिवशी त्या बाकावर बसल्या बसल्याच कलंडल्या. रक्तदाब मोजला तर १९०/११०.

"वहिनी, याआधी बीपी कधी तपासलं होतंत?"

"मला काय धाड भरलीय डॉक्टर? सासूबाईंच्या गोळ्या तेवढ्या लिहून द्या. त्या घरी एकट्या आहेत."

दीड वर्षात त्या सलग चार तास झोपल्या नव्हत्या. एक दीर पुण्याला, ते पैसे पाठवीत. नणंद शेजारच्या तालुक्यात. यजमान दुकानात. कोणीही वाईट नव्हते. 'वहिनी आहेत ना' या एका वाक्यावर सगळे निर्धास्त होते.

आधी कामांची यादी करा

मी त्या घरच्या मंडळींना एका रविवारी दवाखान्यात बोलावले आणि आश्रमाचा फळा कागदावर उतरवून दाखवला. आपल्याही घरी रुग्ण असेल तर हेच करा. सकाळपासून रात्रीपर्यंतची सारी कामे लिहा. स्पंजिंग, कपडे, भरवणे, गोळ्या, कूस बदलणे, लघवी-शौच, रात्रीचे उठणे, औषधे आणणे. प्रत्येक कामापुढे एक नाव घाला. एकच नाव पुन्हा पुन्हा येऊ लागले की घरातल्यांना ते आपोआप दिसते. कोणाला भांडावे लागत नाही. जो दूर आहे त्याने पैशांबरोबर वर्षातले काही दिवसही द्यावेत.

येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी २००७ साली केंद्राने कायदा केला. त्यात 'अपत्य' या शब्दाच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू आणि नात येतात. सुनेचा उल्लेख नाही. म्हणजे कायद्याने ज्यांच्यावर जबाबदारी टाकली ते वेगळे, आणि रात्री उठणारी वेगळी!

कूस बदलणे कोणालाही जमते

पुरुष मंडळी म्हणतात, "आम्हाला त्यातलं काही जमत नाही." आश्रमातली मुले चार दिवसांत शिकतात, तर आपण का नाही? अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. माकडहाड, खुबे, टाचा, कोपर आणि डोक्याची मागची बाजू रोज उजेडात पाहावी. लाल डाग दिसला आणि दाब काढूनही तो जात नसेल, तर ती जखमेची सुरुवात समजावी. तेथे चोळू नये, स्पिरिट लावू नये, रबरी रिंगही ठेवू नये. रिंगेमुळे भोवतालचा रक्तपुरवठा अडतो. पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवाव्यात. हवेची गादी आणली तरी कूस बदलणे सुटत नाही.

रुग्णाला एकट्याने ओढू नये. त्याच्या अंगाखाली एक आडवी चादर ठेवावी आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून सरकवावे. रुग्णाची कातडी घासत नाही आणि आपली कंबरही वाचते.

भरवताना रुग्णाला टेकून ताठ बसवावे, लहान घास द्यावा आणि नंतर अर्धा तास तसेच बसू द्यावे. आडवे पाडून पाणी पाजल्यास ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. म्हातारपणी तहान कमी लागते, म्हणून 'मागितले नाही' यावर न जाता थोडे थोडे पाणी देत राहावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला मात्र डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढेच द्यावे.

प्रत्येक बदल म्हणजे म्हातारपण नव्हे

काल नीट बोलणारे आजोबा आज एकाएकी बरळू लागले, माणसे ओळखेनात किंवा दिवसभर गुंगीत राहिले, तर 'आता वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. लघवीचा जंतुसंसर्ग, अंगातले पाणी वा सोडियम कमी होणे, साखर उतरणे, एखादे नवे औषध, यांपैकी काहीही कारण असू शकते आणि वेळीच उपचार झाले तर माणूस पुष्कळदा पूर्ववत होतो. तोंड वाकडे होणे, एका हातातली शक्ती जाणे किंवा बोबडे बोलणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने जावे.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न लावता कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण सुरू झाले आहे. त्याचे कार्ड आजारपणाआधीच काढून ठेवा. मात्र ही योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. घरच्या सेवेला माणूस ती देत नाही. तो घरातूनच उभा करावा लागतो.

सेवा करणाऱ्यासाठी

जो सेवा करतो त्याने दर महिन्याला रक्तदाब मोजावा. चाळिशी ओलांडली असेल तर वर्षातून एकदा साखरही तपासावी. आठवड्यातून अर्धा दिवस त्याला पूर्ण सुट्टी द्यावी. विनाकारण चिडचिड, रडू येणे, झोप उडणे, 'यापेक्षा मीच सुटले तर बरे' असे मनात येणे, हा स्वभावदोष नव्हे. तो थकव्याचा, कधी नैराश्याचा आजार असतो आणि त्यावर उपचार आहेत. ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. आणि एवढे करूनही घरात निभत नसेल, तर काही दिवसांसाठी किंवा कायमचा चांगला आश्रम शोधणे हे पाप नाही. घरातल्या घरात दोन माणसे झिजून जाण्यापेक्षा ते बरे.

त्या वहिनींच्या घरी आता रात्री अकराची आणि एकची कूस मुलगा बदलतो. नणंद दर दुसऱ्या रविवारी येते. पहिल्या रविवारी तुम्ही काय केलंत, असे मी विचारले. वाटले होते माहेरी गेल्या असतील, देवळात गेल्या असतील. म्हणाल्या, "काही नाही डॉक्टर. झोपले." रक्तदाब गोळीने आणि त्या झोपेने हळूहळू आटोक्यात आला.

तेव्हापासून कोणीही दुसऱ्याची फाईल घेऊन आले की मी आधी त्यांच्याच दंडाला पट्टा बांधतो. आपणही नात्यात कोणा आजारी वृद्धांना भेटायला जाल, तेव्हा 'आजी कशा आहेत?' एवढेच विचारून चहा पिऊन परतू नका. "मी दोन तास बसतो, वहिनी, तुम्ही जरा पडा," असे म्हणा. नारळ आणि फळांपेक्षा त्या घराला त्याचीच जास्त गरज असते.