आभासी ठोकळे कोणाला जमतात, कोणाला नाही?

दिवाळीत नातवाने व्हीआरचा हेडसेट आणला. तो डोळ्यांवर चढवला की समोर टेबल आणि रंगीत ठोकळे दिसतात. हातातल्या कंट्रोलरने ठोकळा उचलायचा, फिरवायचा आणि खाचेत बसवायचा. मला काही ते जमेना. "आजोबा, तुमचं वय झालं," असा निकाल लागला. पण आमच्या सौ.ने चार-पाच प्रयत्नांत ठोकळे बसवले. आमच्या वयात अंतर फक्त दोन वर्षांचं! मग कारण वय कसं? म्हणून थोडं वाचलं, ते सभासदांसमोर ठेवतो.

वस्तू फिरवल्यावर कशी दिसेल हे मनातल्या मनात पाहणं, हा अवकाशीय क्षमतेचा एक भाग आहे. १९७१ साली अमेरिकेत रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी लोकांना ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवल्या आणि दोन्ही एकच आहेत का, असं विचारलं. आकृती जितकी जास्त फिरवलेली, तितका उत्तराला वेळ जास्त लागला. जणू माणूस ती मनात फिरवूनच पाहत होता. हा वेग प्रत्येकाचा निराळा असतो.

खऱ्या वस्तूला वजन असतं, कडा बोटांना लागतात. अंदाज थोडा चुकला तरी हात सावरून घेतो. आभासी ठोकळ्याला ना वजन, ना कडा. शिवाय वस्तू जवळ-दूर भासली, तरी हेडसेटच्या भिंगांमुळे डोळ्यांचा फोकस एकाच अंतरावर राहतो, त्यामुळे अंतराचा अंदाज फसू शकतो. सगळा भार नजरेवर आणि मनातल्या चित्रावर पडतो. ज्याचं हे अंग कच्चं, तो अडखळतो.

दिलासा असा, की ही क्षमता सरावाने वाढते. दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचाही निष्कर्ष हाच आहे. सौ.ने आयुष्यभर घरी कपडे शिवले. सपाट कापडातून अंगावर बसणारा आकार आधी मनातच पाहावा लागतो. तोच सराव इथे कामी आला असावा.

आज शस्त्रक्रियेचे धडेही अशा यंत्रांवर दिले जातात. तेव्हा पहिल्या दिवसाच्या चुकांवरून कोणाला, विशेषतः मुलांना, "तुला जमणार नाही" असं म्हणू नये. मोठ्या वस्तूंपासून सुरुवात करावी, एका वेळी एकाच दिशेने फिरवावं, गरगरलं तर लगेच थांबावं.

मी रोज दहा मिनिटं सराव करतो. नातवाच्या निकालावर माझं अपील चालू आहे.