आधी स्लॅब, मग एसी

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याने निघालं की धरसींव्याच्या अलीकडे सिलतरा लागतं. स्पंज आयर्नचे कारखाने, रोलिंग मिल आणि कोळशावर चालणारे वीजप्रकल्प यांनी हा पट्टा भरलेला आहे. इथलं जुनं घर दुरुस्त करून विकायला काढणाऱ्याचा खर्च बहुधा ठरलेला असतो. बाहेरून रंग, बाथरूमला नव्या टाइल्स आणि दोन-तीन खोल्यांत नवे एसी. यातला एसीचा खर्च चुकीच्या क्रमाने होतो, असं माझं स्पष्ट मत आहे. या भागातली घरं थंड ठेवण्याच्या रीती कशा बदलत गेल्या, हे मागे वळून पाहिलं की घर विकताना पैसा कुठे वसूल होतो ते कळतं. तो छतात, भिंतीत आणि वायरिंगमध्ये वसूल होतो. यंत्रात फारसा नाही.

नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढवर होता. १८५४ मध्ये तो संपला, पण त्याच्या मागेपुढे आलेली मराठी कुटुंबं इथेच रुजली. रायपुरातला तात्यापारा आणि १९३५ पासूनचं महाराष्ट्र मंडळ ही त्याची आजची खूण. त्या काळातली घरं, मराठी असोत की छत्तीसगढी, उन्हाळ्याशी एकाच पद्धतीने झुंजत. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, समोर खोल पडवी. कवेलूच्या फटींतून गरम हवा वर निघून जाई, आणि जाड भिंत दुपारचं ऊन आत पोचवेपर्यंत संध्याकाळ होई. दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारलं की मेअखेरचे नवतप्याचे दिवसही निभत. यात विकत घ्यायचं यंत्र काहीच नव्हतं. थंडावा घराच्या बांधणीतच होता, म्हणून घर विकलं की तो नव्या मालकाकडे आपोआप जाई.

ही व्यवस्था मोडली ती स्लॅबने. भिलाईचं पोलाद १९५९ पासून निघू लागलं, आसपास सिमेंटचे कारखाने उभे राहिले आणि पक्कं घर म्हणजे लोखंड-सिमेंटचं छत हे समीकरण बसलं. कवेलू दरवर्षी फेरावे लागत, माकडं ते फोडत, पावसात गळती होई. स्लॅबने हा सगळा जाच संपवला, आणि तो संपायलाच हवा होता. पण पाच-सहा इंचांचा उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत सोडतो. त्यावर उतारा म्हणून कूलर आला. नागपूर असो की रायपूर, एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत त्याच्यासारखं स्वस्त साधन दुसरं नाही. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता पंधरा टक्क्यांच्या आसपास असेल, तर ताट्या नीट भिजलेला कूलर २७-२८ अंशांची हवा देतो, तीही दीडशे-दोनशे वॅटमध्ये. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालताना याच्या सात-आठपट वीज ओढतो.

मग कूलरवरच का थांबू नये? रायपुरात इतरत्र हा प्रश्न रास्त आहे, सिलतऱ्यात त्याला दोन अडचणी आहेत. पहिली सगळीकडचीच: जूनच्या मध्यावर पाऊस आला की हवा ओली होते. बाहेर ३२ अंश आणि आर्द्रता ऐंशी टक्के असताना कूलर जेमतेम दोन-अडीच अंश उतरवतो आणि अंथरूण दमट करतो. दुसरी अडचण इथली खास आहे. कूलर बाहेरची हवा आत ओढतो आणि आतली समोरच्या खिडकीतून बाहेर ढकलतो. त्याचं कामच तसं आहे. इथे बाहेरच्या हवेत कोळशाची आणि लोखंडाची बारीक भुकटी असते. गच्चीच्या कठड्यावरून सकाळी बोट फिरवलं तर ते काळं होतं. कूलरच्या ताट्या हीच भुकटी धरतात, टाकीच्या तळाशी काळा गाळ बसतो, आणि ताट्यांतून सुटलेलं उरलेलं सगळं घरात येतं. प्रदूषित शहरांसाठीचा राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्यात छत्तीसगढची तीन शहरं होती आणि रायपूर त्यांतलं एक. दम्याचा रुग्ण किंवा लहान मूल असलेलं गिऱ्हाईक इथे बंद खिडक्यांची खोली मागेल, आणि ती मागणी योग्य आहे. तेव्हा निदान झोपायच्या खोल्यांत एसी लागणार, हे मला मान्य आहे.

पण एसी लागणार म्हणजे तो विकणाऱ्याने घ्यायला हवा असं होत नाही. २००० मध्ये छत्तीसगढ वेगळं झालं, रायपूर राजधानी बनलं आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत एसी मध्यमवर्गाच्या घरात शिरला. या काळात यंत्र किती वेगाने जुनं होतं ते पाहण्यासारखं आहे. २०१० मध्ये एसीवर ताऱ्यांची खूण सक्तीची झाली, २०१८ मध्ये मोजणीची पद्धत बदलली, जुलै २०२२ मध्ये कोष्टक आणखी कडक झालं आणि आधीचं पाच ताऱ्यांचं यंत्र चारवर आलं. आर-२२ वायू मागे पडला, आर-३२ आला. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणजे आधी जास्त दराने घेतलेलं यंत्र दाखवून किंमत मागणं आणखी अवघड झालं. त्यात सिलतऱ्याची धूळ. आउटडोअर युनिटच्या पातळ पत्र्यांच्या फटींत ती चिकटते, गरम हवा बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. नियमित धुतलं नाही तर इथलं यंत्र लवकर थकतं, आणि विक्रीला पडून असलेल्या घरात ते कोण धुणार?

छताचं तसं होत नाही. केंद्र सरकारच्या २०१८ च्या इको-निवास संहितेने छतातून उष्णता झिरपण्याची कमाल मर्यादा दर चौरस मीटरला, दर अंशाला १.२ वॅट ठरवली; उघड्या स्लॅबचा आकडा तीनच्या वर जातो. हा फरक भरून काढणारं काम एकदाच करावं लागतं: उष्णतारोधक बोर्ड, त्यावर विटांचा कोबा, वर चायना मोझॅक. कोणी म्हणेल, अहमदाबादेत पांढऱ्या रंगाने काम भागतं, इथे एवढा खर्च कशाला? कारण इथे पांढरा रंग पांढरा राहत नाही. एका हंगामात त्यावर काजळी बसते आणि ऊन परतवण्याची त्याची ताकद घटते. म्हणून सिलतऱ्यात भर रंगावर न देता जाडीवर द्यावा. कोब्याखालचा थर काजळीने बिघडत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या सौर पॅनलना ७८ हजारांचं अनुदान आहे. ते पॅनल स्लॅबला सावली देतात आणि घरासोबत विकलेही जातात. फक्त धुण्यासाठी गच्चीवर नळ हवा.

सर्वांत वजनदार आक्षेप दलालाचा असतो: गिऱ्हाइकाला भिंतीवरचा एसी दिसतो, कोब्याखालचा थर दिसत नाही. खरं आहे, पण न दिसणारी गोष्ट दाखवता येते. वरच्या मजल्यावरच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी चार वाजता गिऱ्हाइकाला उभं करावं आणि मागच्या उन्हाळ्याची विजेची बिलं पुढे ठेवावीत. बिलांचं महत्त्व आता वाढलंही आहे. मार्च २०१९ पासून ४०० युनिटपर्यंतचं बिल राज्यात निम्मं होत होतं, २०२५ मध्ये ती मर्यादा खाली आली. वीज स्वस्त आहे तर छतावर खर्च कशाला, या जुन्या युक्तिवादाचा पाया त्यामुळे ढिला झाला.

हीटिंगचा विचार तर थोडक्यात संपतो. न्यू जर्सीत घर घेणारं मराठी कुटुंब भट्टी किती वर्षांची आहे हे आधी विचारतं, कारण तिथला हिवाळा त्याशिवाय निघत नाही. रायपुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री साधारण १२-१३ अंशांच्या असतात. चांगला गीझर आणि जाड रजई पुरते. हॉट अँड कोल्ड एसीसाठी जादा पैसे मोजणं इथे व्यर्थ आहे.

तेव्हा सिलतऱ्यात घर विकायला काढणाऱ्याने पैसे या क्रमाने घालावेत: आधी छत, मग पश्चिमेच्या खिडक्यांवर सज्जे, मग प्रत्येक खोलीत एसीची स्वतंत्र वायर, भिंतीतून तांब्याची नळी, पाणी जायला उतार आणि आउटडोअर युनिट धुता येईल अशी जागा. यंत्र कोणतं घ्यायचं ते येणाऱ्या मालकावर सोपवावं आणि तेवढी रक्कम किमतीतून उघडपणे कमी करावी.