पाला बघून हरखू नका

कोल्हापुरात आमच्या घरामागे, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेल्या केळी-अळवाच्या पलीकडे, दहा फूट लांबीची पट्टी मोकळी होती. माझं माहेर चंदगड तालुक्यातलं. तिकडे तांबड्या मातीत रताळ्याची शेतंच्या शेतं असतात, त्यामुळे रताळी लावायला काय शिकायचं, असं मला वाटलं. घमेली भरभरून शेणखत घातलं. वेल असे माजले की कुंपण दिसेना. दिवाळीनंतर खणलं, तर हाती आली करंगळीएवढी मुळं.

माहेरची वहिनी आली होती. ती म्हणाली, "वन्सं, पाला बघून हरखू नका. खत जास्त झालं की वेल वर माजतो, खाली बसत नाही."

रताळं म्हणजे अन्न साठवून फुगलेलं मूळ. नत्र फार मिळालं की वेल पानं काढत राहतो, मुळाला उरत नाही. आमची काळी, चिकट माती तर त्याला फुगायलाही जागा देत नव्हती. पुढच्या वर्षी मी तीत तांबडी माती आणि चुलीची राख मिसळली, शेणखत दोनच घमेली घातलं आणि फूटभर उंच वरंबा केला. आमच्याकडच्या पावसात सपाट जागेवर पाणी साचतं, रताळी कुजतात.

बेणं वहिनीनेच पाठवलं. बटाट्यासारख्या फोडी करून लावायचं नसतं. वेलाच्या शेंड्याकडचे वीत-सव्वा वीत तुकडे घ्यायचे, खालची पानं काढायची आणि तीन पेरं मातीत जातील असे तिरपे खोचायचे. दोन तुकड्यांत वीतभर अंतर. माझ्या वरंब्यात बारा बसले.

खरं काम दीड महिन्याने सुरू होतं. पसरलेला वेल जिथे मातीला टेकतो तिथे पेरापेराला मुळं धरतो, आणि मग सगळीकडे बारीकच रताळी लागतात. म्हणून वेल उचलून उलटा टाकायचा. ती मुळं तुटताना कटकट आवाज येतो, पहिल्यांदा जीव कळवळतो. पण दर पंधरवड्याला हे करावंच.

दुसरी काळजी भेगांची. रताळं फुगलं की वरंब्याला भेग पडते आणि तिच्यातून सोंड्या भुंगा खाली उतरून रताळ्यात अंडी घालतो. पोखरलेलं रताळं इतकं कडू होतं की उकडूनही कडूपणा जात नाही. तसलं गुरांनाही घालू नये. भेग दिसली की त्याच दिवशी मातीने बुजवावी, एवढा साधा उपाय आहे.

चार महिन्यांनी पानं पिवळी पडू लागली. कडेचं एक रताळं काढून कापलं. कापलेल्या तोंडावरचा चीक पांढराच वाळला, तर रताळं तयार. काळपट-हिरवा पडला, तर थांबायचं. माझा पांढरा वाळला. कुदळ दूर ठेवून हातानेच माती उकरली. बारा वेलांखाली सात किलो निघाली, लाल सालीची, आतून पांढरी.

काढल्याबरोबर खाऊ नका. न धुता आठवडाभर सावलीत पसरून ठेवा. साल घट्ट होते, गोडी वाढते. फ्रीजमध्ये तर मुळीच नको, आतला गर कडक होतो. आणि कुकरच्या शिट्ट्यांपेक्षा निखाऱ्यावर सावकाश भाजा. हळूहळू तापताना पिठूळपणाची साखर होत जाते, घाईत तेवढा वेळच मिळत नाही.

हे पीक मूळचं अमेरिका खंडातलं, पोर्तुगिजांबरोबर आलं आणि एकादशीच्या ताटात असं बसलं की परकं वाटतच नाही. वेगळं काही लावायचं असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अश्विनी' आहे. तिरुवनंतपुरमच्या कंदपीक संशोधन संस्थेची नारिंगी गराची 'भू सोना' आणि जांभळी 'भू कृष्णा'ही आहे. मी मात्र वहिनीचंच बेणं जपलं आहे.

पावसाळी लागवड जून-जुलैत करावी. महाशिवरात्रीला घरची रताळी हवी असतील, तर दसऱ्याच्या सुमारास वेल मातीत गेलेच पाहिजेत.