जॅकमधली हवा: एका खोलीत मदत, दुसऱ्या खोलीत घात

आजचा विषय आहे हायड्रॉलिक जॅक. ऐकायला नको, वाचायलाच बरं असं वाटणाऱ्यांसाठी हा एपिसोड लिहून देतोय.

उसाच्या हंगामात कराडहून पेठ नाक्याकडे हायवेने गेलात, तर कडेला चाक काढून ठेवलेली एखादी तरी ट्रॉली दिसतेच. ऊस गच्च भरलेला, आणि एक्सलखाली वीतभर उंचीचा बॉटल जॅक. तो एवढं वजन उचलतो कसा? बरेच जण म्हणतात, "आत हवेचं प्रेशर असतं." खरं तर उचलायचं काम तेल करतं. हवाही आत असते, पण ती कुठे आहे यावर सगळं ठरतं.

आधी तेलाचं गणित बघू. १७व्या शतकातल्या फ्रेंच गणिती ब्लेझ पास्कलचा नियम शाळेत झालाय: बंद जागेतल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. समजा, दांड्याखालचा छोटा प्लंजर १ सेंमी व्यासाचा आहे आणि वजन उचलणारा मोठा रॅम ४ सेंमी व्यासाचा. व्यास चौपट, म्हणजे क्षेत्रफळ १६ पट. रॅमवर ५ टन असतील तर प्लंजरवर साधारण ३१२ किलो जोर लागेल. लांब दांड्यामुळे तो आणखी १५ पट हलका होतो असं धरा. हाताला उरले फक्त २१ किलो! फुकट मात्र काही नाही. प्लंजर २ सेंमी खाली गेला की रॅम जेमतेम सव्वा मिलिमीटर वर येतो. म्हणून तर इतक्या वेळा दांडा मारावा लागतो.

आता हवा. जॅकमध्ये तीन खोल्या आहेत असं समजा: तेलाची टाकी, प्लंजरखालची छोटी जागा आणि रॅमखालची मोठी जागा. मधल्या दोन दारांवर एकेक स्टीलची गोळी बसवलेली असते. ती तेलाला पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही. शेतातल्या मोटरीचा फूटव्हॉल्व्ह करतो ना, तेच काम.

टाकीत तेलाच्या वर थोडी हवा असते, आणि ती हवीच. दांडा वर उचलला की प्लंजरखाली दाब कमी होतो, आणि टाकीतली हवा तेलाला तिकडे ढकलते. "पंपाने तेल ओढलं" असं आपण म्हणतो, पण खरं तर हवेने ते ढकललेलं असतं. म्हणूनच टाकी काठोकाठ भरायची नसते. हवेला जागाच ठेवली नाही, तर तेल बाहेर जाताना टाकीत पोकळी तयार होते आणि पुढचं तेल अडतं.

मग महाबळेश्वरला जॅक कमी वजन उचलेल का? याच पास्कलने १६४८ मध्ये आपल्या मेव्हण्याला पाऱ्याची नळी घेऊन डोंगरावर पाठवलं होतं, आणि वर पारा खाली उतरलेला दिसला. महाबळेश्वरला, साधारण १३५० मीटरवर, हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा १५ टक्क्यांच्या आसपास कमी असतो. तरी जॅकला फरक पडत नाही. तेल दोन-चार इंच सरकवायला उरलेला दाब भरपूर होतो, आणि वजन उचलणारा दाब तुमच्या हातातून येतो.

घात होतो तो पुढच्या खोल्यांत हवा शिरली की. जॅक गाडीत आडवातिडवा पडला, तेल कमी झालं किंवा सील झिजलं की हे होतं. मघाच्या उदाहरणात ५ टनांसाठी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४०० किलो दाब लागतो. समजा, प्लंजर वर असताना त्याच्याखाली २ मिलिलिटर जागा आहे आणि तो खाली गेल्यावर ०.४ उरते. तिथे तेलाऐवजी हवा असेल तर ती पाचपट दाबली जाईल, म्हणजे दाब ढोबळमानाने ५ किलो. पलीकडे ४०० आहे, मग गोळी उघडेल कशी? दांडा वर घेतला की तीच हवा पुन्हा पसरते, त्यामुळे टाकीतून नवं तेलही येत नाही. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. मोटर फिरतेय, पाणी येत नाही: "पंपाने हवा धरली!"

रॅमखाली हवा असेल तर दांडा पोकळ लागतो आणि वजन स्प्रिंगवर ठेवल्यासारखं हलतं. १०० किलो दाबाला तेल एक टक्काही आकसत नाही, हवा मात्र शंभराव्या हिश्शावर येते.

हाच स्प्रिंगपणा मुद्दाम वापरतात तो साखर कारखान्यात. मिलच्या वरच्या रोलरवर तेलाचा दाब असतो. उसाचा जाड थर आला की रोलरला थोडं उचलावं लागतं. त्यासाठी तेलाच्या लाइनला अ‍ॅक्युम्युलेटर जोडतात. त्यात रबरी पिशवीत नायट्रोजन भरलेला असतो, आणि तो दबून रोलरला वाट देतो. साधी हवा चालत नाही, कारण जोरात दाबलेली हवा तापते आणि तिच्यातल्या ऑक्सिजनमुळे तेल पेट घेऊ शकतं. डिझेल इंजिन असंच तर चालतं!

जॅकमधली हवा काढायची असेल तर आधी वजन पूर्ण उतरवा. रिलीज व्हॉल्व्ह उघडा आणि दांडा १०-१५ वेळा भराभर मारा. रॅम पूर्ण खाली बसवून, जॅक उभा ठेवून तेलाची पातळी बघा. कमी असेल तर हायड्रॉलिक ऑइलच टाका. ब्रेक ऑइल टाकलं तर सील खराब होऊ शकतात. मग व्हॉल्व्ह बंद करून रिकामा रॅम वर घेऊन बघा. तरी झटके देत असेल तर सील बदलायला द्या.

आणि हे मित्रांना फॉरवर्ड कराच: जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. आतली गोळी, सील, हवा, काहीच बाहेरून दिसत नाही. चाकांना दगड लावा, एक्सलखाली स्टँड किंवा भक्कम लाकडी ठोकळे द्या, आणि मगच हात आत घाला. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच शिरू नका, अगदी दोन मिनिटांचं काम असलं तरी.

पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. काळजी घ्या!