मे महिन्यातली शाल

भर मे महिन्यात मुंबईत शाल पांघरलेल्या बायका पाहायच्या असतील, तर काचेच्या इमारतीतल्या एखाद्या ऑफिसात जावं. बाहेर घामाच्या धारा आणि आत एसी अठरावर! मी नोकरीत होते तेव्हा आमच्या विभागातल्या सहाजणींच्या ड्रॉवरमध्ये शाली असत, माझीही होती. संध्याकाळपर्यंत खांदे आखडून जात. एसी कमी करा म्हटलं, की कोटातले साहेब म्हणत, "अहो, मला तर उकडतंय!"

हा बायकांचा नाजूकपणा नव्हे. ऑफिसातल्या सुखद तापमानाचं गणित डेन्मार्कच्या फांगर यांनी १९७०च्या सुमारास मांडलं. शरीर किती उष्णता तयार करतं, हा आकडा त्यात लागतो आणि तो रूढ झाला पुरुषाच्या शरीरावरून. बैठं काम करणाऱ्या तरुण स्त्रियांना तो लागू पडत नाही, हे नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी २०१५ साली मोजून दाखवलं. शाल मात्र त्याआधीच आली होती.

फोर्टातल्या जुन्या दगडी कचेऱ्या आठवा. जाड भिंती, उंच छत, ऊन अडवणारे व्हरांडे. आपण काच आणली. ती ऊन आत घेते, मग ते बाहेर काढायला यंत्र. हरारेत मिक पिअर्स या वास्तुविशारदाने १९९६ मध्ये ईस्टगेट सेंटर उभारलं. तिथे रात्रीची गार हवा खेळवून काँक्रीट थंड करतात. मुंबईच्या दमट रात्री हे जमणं कठीण, पण पुण्या-नाशकाला करून पाहायला काय हरकत आहे?

जपानी सरकारने २००५ मध्ये ऑफिसांना एसी २८ वर ठेवायला आणि टाय काढून यायला सांगितलं. आपल्याकडे २०२० पासून नव्या घरगुती एसीची सुरुवात २४ वर होते. एक अंश वाढवला, तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. रिमोट मात्र कोटवाल्यांच्याच हाती!

आणि खोलीतली उष्णता कुठे नाहीशी होत नाही. ती मागच्या गल्लीत फेकली जाते. नेमके तिथेच वॉचमन आणि ड्रायव्हर दुपारचा डबा उघडतात. पर्यावरणाच्या फलकांनी सजलेल्या इमारतींमागेही मी हे पाहिलंय. त्यांच्यासाठी एक छप्पर नि एक पंखा मागितला, तर फाइल फिरत राहते.