बँकेंतील वजा खातें आणि शेतकऱ्याचा हिशेब मागण्याचा हक्क

गेल्या भाताच्या हंगामानंतर एक ओळखीचे शेतकरी खाडीपलीकडील गोराईहून होडीनें बोरिवलीस आमच्याकडे आले. हातांत बँकेचें पासबुक होतें. अवेळीं पावसानें पीक आडवें झालेलें, घरांत पैसा नाहीं, आणि किसान सन्मान निधीचा २,००० रुपयांचा हप्ता खात्यांत पडतांच त्यांतील ७५० रुपये बँकेनें कापून घेतलेले. विचारणा करतां 'तुमचें खातें वजा झालें होतें' एवढेंच उत्तर मिळालें. त्या खात्यावर कर्ज काढलेलें नसतां तें वजा कसें झालें, हें त्यांस उमगेना. बँकेशीं तंटा कोण करणार, असें म्हणून ते गप्प बसण्याच्या विचारांत होते. अशी स्थिति पुष्कळांची असेल, म्हणून तो हिशेब येथें मांडीत आहों.

सहा महिन्यांपूर्वीं खात्यांत ३१२ रुपये शिल्लक होते. किमान शिल्लक नाहीं या सबबीवर बँकेनें दरमहा १५० रुपये आकार व त्यावरील १८ टक्के कर २७ रुपये, मिळून १७७ रुपये नांवें टाकण्यास प्रारंभ केला. पहिल्या महिन्यानंतर १३५ रुपये उरले. दुसऱ्या महिन्यांत खातें ४२ रुपयांनीं वजा झालें. सहा महिन्यांचे मिळून १,०६२ रुपये झाले, तेव्हां वजा आंकडा ७५० वर गेला. म्हणजे बँकेनें खातेदारास एक पैसाहि न देतां त्याच्या नांवावर येणें उत्पन्न केलें!

रिझर्व्ह बँकेनें २० नोव्हेंबर २०१४ रोजीं बँकांस याविषयीं दंडक घालून दिला व तो १ एप्रिल २०१५ पासून अमलांत आला. किमान शिल्लक कमी झाल्यास खातेदारास प्रथम सूचना द्यावी. ती भरून काढण्यास निदान एक महिन्याची मुदत द्यावी. आकार तुटीच्या प्रमाणांत असावा. आणि केवळ अशा आकारामुळें बचत खातें शून्याखालीं जाऊं नये. तेव्हां ३१२ रुपये संपतांच बँकेचा हात थांबावयास हवा होता. पुढील ७५० रुपये निःसंशय परत मागण्याजोगे आहेत. आधींच्या ३१२ रुपयांचा निकाल सूचना मिळाली होती कीं नाहीं यावर अवलंबून राहील. ज्यांच्या खात्यांत केवळ अनुदान यावयाचें, त्यांनीं किमान शिल्लकीची अट नसलेलें मूलभूत बचत खातेंच ठेवावें हें बरें.

बचत खात्यांतील कापाकापी डोळ्यांस दिसते तरी. पीककर्जाच्या खात्यांतील दिसत नाहीं, आणि खरी रक्कम तेथेंच मुरते. हप्ता थकला कीं दंडव्याज लागे, तें मुद्दलांत मिळे, व पुढें त्यावरहि व्याज चढे. सेंट्रल बँक ऑफ इंडिया विरुद्ध रवींद्र या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें २००१ सालीं दोन गोष्टी स्पष्ट केल्या. दंडव्याज मुद्दलांत मिळवितां येणार नाहीं. आणि शेतीकर्जाचें व्याज पिकांच्या फेऱ्याप्रमाणें वार्षिक किंवा सहामाहीच मुद्दलांत घ्यावें, तिमाही नव्हे. पीक तीन महिन्यांनीं पैसा देत नाहीं, हें न्यायालयासहि मान्य झालें. पुढें १८ ऑगस्ट २०२३ रोजीं रिझर्व्ह बँकेनें दंडव्याज ही पद्धतिच बंद केली. दंड घ्यावयाचा तर तो वेगळा आकार म्हणून, वाजवी प्रमाणांत व करारांत आधीं लिहिलेला असावा; त्यावर पुन्हा व्याज नाहीं. म्हणजे दंड १,२०० रुपये असेल तर तो १,२०० च राहावा. थकलेलें मूळ व्याज मात्र देणेंच आहे. तें बुडविण्याची वाट आम्ही दाखवीत नाहीं.

हिशेब मागणें हें कांहीं नवें धाडस नव्हे. १८७५ च्या मे महिन्यांत सुप्याच्या बाजारीं सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. तो प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. त्यानें कुळास पैशाची पावती व दरसाल हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क दिला, आणि दस्ताच्या मागें जाऊन मुळापासून देणेंघेणें तपासण्याचा अधिकार न्यायालयास दिला. सहकारी संस्थांच्या कायद्यांतील कलम ४४-अ मध्यें जुन्या दामदुपटीचें तत्त्व विवक्षित शेतीकर्जांपुरतें आजहि आहे. ज्यांचें कर्ज संस्थेचें आहे त्यांनीं तें अवश्य पाहावें, व तक्रार निबंधकाकडे न्यावी.

आतां अर्जाविषयीं. आमचा जन्म महसुलाच्या दप्तरांत गेला, म्हणून एक गोष्ट निक्षून सांगतों: दोन विषय एका अर्जांत कालवूं नयेत. 'पीक बुडालें, दया करावी' आणि 'अमुक रक्कम चुकीनें घेतली' हीं एकत्र लिहिलीं म्हणजे कारकून दयेच्या अर्जावर शेरा मारतो आणि चूक तशीच राहते. पहिल्या अर्जांत फक्त नोंदी घ्याव्या: तारीख, रक्कम, ती कोणत्या नियमानें घेतली, सूचना केव्हां व कोठें पाठविली, आणि परत किती मागतों. सोबत पासबुकाची नक्कल जोडावी. दुसरा अर्ज कर्जाच्या मुदतवाढीचा; त्यास सातबारा व पंचनाम्याची नक्कल हवी. पंचनामा पाणी ओसरण्यापूर्वीं करवून घ्यावा, मागाहून तलाठ्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं. दोन्ही अर्जांच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यावा. शाखा तो देत नसेल तर स्पीडपोस्टानें पाठवून पोच जपावी.

तीस दिवसांत उत्तर न आलें, अगर आलेलें उत्तर पटलें नाहीं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावें. २०२१ च्या योजनेनें सर्व तक्रारी चंदीगड येथील एका केंद्रांत घेण्याची सोय झाली. तेथें मराठींत लिहिलेलें पत्रहि चालतें, फी नाहीं, आणि वकिलामार्फत केलेली तक्रार उलट नाकारली जाते. मात्र आधीं बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा नसेल तर तेथेंहि कांहीं चालत नाहीं. तोंडी भांडण्यांत गेलेले महिने म्हणूनच फुकट जातात.

गोराईच्या त्या गृहस्थांस अर्ज दिल्यापासून एकोणिसाव्या दिवशीं ७५० रुपये जमा झाले. उरलेल्या ३१२ रुपयांविषयीं बँकेनें कळविलें कीं, सूचना भ्रमणध्वनीवर पाठविली होती. तो क्रमांक त्यांनीं दोन वर्षांपूर्वींच सोडलेला होता. आतां नवा क्रमांक खात्यास लावून घेतला आहे.